नाही म्हणायची तालीम

१ मार्च १९८२, सोमवार

आज मल्हारी कामावर लागला. नाशिकला, सातपूरच्या कारखान्यात, लेथवर लोखंड कातणारा ट्रेनी टर्नर म्हणून. सहा महिने बघतील. हात आणि वागणं पसंत पडलं तर सप्टेंबरपासून कायम. देवळ्याच्या आमच्या घराण्यात कारखान्याचं ओळखपत्र खिशाला लावणारा हा पहिलाच. मी कारकून झालो तेव्हा वडिलांनी गावात गूळ वाटला होता, आज मी कचेरीत पेढे वाटले.

हेडक्लार्क म्हणाले, "निवृत्तीराव, पोरगं गुणी निघालं हो."

मी म्हटलं, "निघत नसतं साहेब, काढावं लागतं."

सगळे हसले, पण मी थट्टा करत नव्हतो. मल्हारी सहा वर्षांचा झाल्यापासून आमच्या घरात शनिवार पाळला गेला. संध्याकाळी मी पाटावर बसायचो, पट्टा मांडीवर, तो समोर हात सरळ ठेवून उभा. आठवड्यात काय काय चुकलास ते सांग. सांगितलं तर पाच फटके. नाही म्हणाला तर हो म्हणेपर्यंत, तिथे मोजदाद नाही. पहिली दोन-तीन वर्षं जड गेली. पोर हट्टी. एकदा तर शुद्ध हरपली, दवाखान्यात जिन्यावरून पडला म्हणून सांगावं लागलं. आमच्या घराला जिना नाही, पण डॉक्टर काही बघायला येणार नव्हते.

दहाव्या वर्षानंतर मात्र त्यानं एकदाही नाही म्हटलं नाही. पुढे तर मी विचारायच्या आत स्वतःच यादी म्हणायचा. तो आय.टी.आय.ला लागल्यावर मी शनिवार बंद केला, पट्टा खुंटीवर आहे तसाच आहे. मलाही वडिलांनी गोठ्यात दावणीला बांधून झोडपलंय. माझं काय वाकडं झालं? कारकून झालोच ना.

१४ मार्च, रविवार

मल्हारीच्या कारखान्यातले निफाडकर फोरमन आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतात. आज दळण आणताना गिरणीत भेटले. म्हणाले, "तुमच्या मुलाचा हात फार चांगला आहे. कामातली सफाई जुन्या कारागिराची. पण बोलत नाही."

म्हटलं, "कामाला लावलंय, भाषणाला नाही."

मग जरा घुटमळत त्यांनी एक गंमत सांगितली. मल्हारीच्या डोक्यावरच्या फळीवरून ड्रॉइंग घ्यायला त्यांनी हात वर केला, तर हा चालू लेथ सोडून मशीनखाली जाऊन बसला. दोन्ही हात डोक्यावर. पोरं पोट धरधरून हसली. आता कुणीही जाता-येता हात उगारून बघतं म्हणे.

मलाही हसू आलं. फोरमन मात्र हसले नाहीत. माणूस तसा रुक्षच आहे.

२३ एप्रिल, शुक्रवार

दुसऱ्या पाळीतल्या कुणीतरी लेथचं कापायचं हत्यार मोडून ठेवलं होतं. फोरमननी विचारलं, कुणी मोडलं? मल्हारी म्हणाला, मी. त्यांनी बघितलं तर ते मोडलं तेव्हा हा कारखान्यात नव्हताच. मला म्हणाले, "असं का करतो तो?"

मी सांगितलं, प्रामाणिक आहे. ते म्हणाले, "न केलेलं कबूल करणं म्हणजे प्रामाणिकपणा कसा?" कोण यांच्याशी वाद घालत बसणार. दुसऱ्याचा दोष पोटात घालणारी माणसं आजकाल राहिली आहेत कुठे?

१७ जून, गुरुवार

नाक कापलं.

दुपारी कचेरीत निरोप आला, फोरमन बाहेर उभे आहेत. कारखान्यातून एक मायक्रोमीटर गेला. केसाची जाडी मोजणारं जर्मन हत्यार. त्यांच्याकडे स्टोअरची पद्धत पक्की: प्रत्येक कामगाराला नंबरचे पितळी बिल्ले, हत्यार नेलं की आपला बिल्ला खुंटीला लावायचा, परत केलं की बिल्ला परत. आज खुंटीवर बिल्ला नाही आणि पेटीत मायक्रोमीटर नाही. सहा ट्रेनींना ओळीत उभं केलं. कारखान्याचे एक साहेब ओरडले, कुणी नेलाय तो पुढे या.

माझा मुलगा पुढे आला.

फोरमन म्हणाले, "मला काही पटत नाही. पण त्यानं लिहून दिलं, सही केली. मी काय करणार?"

कबुली आहे म्हटल्यावर पटण्या-न पटण्याचा प्रश्न येतो कुठे? मी तेवढंच म्हटलं आणि टेबलावर येऊन बसलो. समोर फाईल होती, अक्षर लागत नव्हतं.

१९ जून, शनिवार

काल रजा काढली. पट्टा खाली घेतला. तसा पाच फटक्यांतच बोलला, जुनी सवय.

"कुठे विकलास?"

"भद्रकालीत. भंगारवाल्याला."

"कोणत्या?"

"कोपऱ्यावरच्या."

पायात वहाणा घातल्या आणि त्याला घेऊन निघालो. म्हटलं, परत विकत घेऊ, साहेबांच्या पायावर नेऊन ठेवू, बघू काही होतंय का. कोपऱ्यावरचा म्हातारा म्हणाला, "भाई, इस लडके को मैंने आज पहली बार देखा." मी मल्हारीकडे बघितलं. तो लगेच म्हणाला, हा नाही, पुढचा. पुढच्यानं कानावर हात ठेवले. रस्त्यातच कानाखाली दिली. मग तो म्हणाला, मशिदीमागचा. तिथे एक बाई लोखंड निवडत होती, ती म्हणाली, "या पोराला कशाला मारताय, त्याला तर माझं दुकानही माहीत नव्हतं, आत्ता पाटी वाचली त्यानं." चौथा दुकानदार तर हसायलाच लागला.

चार दुकानं, चार थपडा, आणि दर वेळी नवं नाव. चोर तो चोर, वर मला गावभर फिरवतोय. घरी येईपर्यंत माझा हात दुखत होता.

२० जून, रविवार

कारखान्याचा शिपाई कामावरून काढल्याचं पत्र देऊन गेला.

ही सकाळपासून चुलीपाशीच होती. यशोदा मुळात फार बोलणारी नाही. भाकऱ्या थापता थापता एकदम म्हणाली, "त्यानं काय बी नेलं नाय."

"त्यानं लिहून दिलंय."

"दिलं आसंल. त्याला नाय म्हणताच येत नाय. तुम्ही ठेवलंच नाय ते त्याच्याकडं."

काय ठेवलं नाही? शाळा दिली, आय.टी.आय. दिली, दोन वेळचं दिलं. बायकांचं आपलं काहीतरीच. मल्हारी आतल्या खोलीत बसून ऐकत होता. हा असा बसलेला असला की सहा वर्षांचाच वाटतो, आणि मला त्याचा राग येतो.

९ जुलै, शुक्रवार

मायक्रोमीटर सापडला!

फोरमन सायकल टाकून थेट घरात आले. पुंजाराम नावाचा त्यांचा स्टोअरकीपर, त्यानंच तो मापं तपासायला पुण्याला पाठवलेल्या पेटीत घातला होता आणि नोंद करायला विसरला होता. काल पेटी परत आली. झाकण उघडलं तर हा आत.

म्हणजे यानं चोरी केली नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी फोरमनचे हात धरले. यशोदा दारात उभी होती, ती नुसतं माझ्याकडे बघत राहिली.

फोरमन म्हणाले, "मी मोठ्या साहेबांशी बोललोय. माणूस चांगला आहे. परत घेतो म्हणतात, कायम पण करतील. पण त्यांना एक कोडं पडलंय, ज्यानं नेलं नाही त्यानं लिहून का दिलं? म्हणतात, मुलानं एकदा माझ्यासमोर उभं राहून सांगावं की मी घेतला नव्हता. बस. सोमवारी अकराला या."

एकच वाक्य म्हणायचं आहे. पोपटालाही येईल.

ते गेल्यावर मनात आलं, मग ते चार भंगारवाले? विचार करायला बसलो, आणि उठलो.

११ जुलै, रविवार

तालीम घेतली.

मी खुर्चीत साहेब होऊन बसलो. विचारलं, "मायक्रोमीटर तू घेतलास?"

"हो साहेब."

"अरे गाढवा, घेतला नव्हतास ना?"

"नाही."

"मग तेच म्हण. नाही साहेब."

"नाही साहेब."

"हां. आता विचारतो. घेतलास का?"

"हो साहेब."

असं दहा वेळा, वीस वेळा. समजावून झालं, गोडीत झालं, गूळ-शेंगदाणेही पुढे ठेवून झाले. मी गोड बोललो की तो जास्तच घाबरतो, हे मला आजच दिसलं. शेवटी नाइलाज झाला. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्याकडून नाही म्हणवून घ्यायला पट्टा उचलला. हो म्हणाला की एक. हो म्हणाला की एक. त्याला कळेना कुठलं उत्तर हवंय. मध्येच ओरडला, "अण्णा, तुम्हाला काय पाहिजे ते सांगा, मी तेच म्हणतो!" ही उठली आणि ओट्यावर जाऊन बसली, शेजारच्या नवसाबाईनं विचारलं तरी हलली नाही.

दिवे लागेपर्यंत जमलं. झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणेल असं पक्कं झालं. "नाही साहेब, मी घेतला नव्हता." आवाजही खणखणीत. पाठीला हळद-तेल लावून दिलं, मीच लावलं. लावताना तो दर बोटाला दचकत होता. उद्या सदरा पांढरा नको, डाग दिसतील, म्हणून निळा काढून ठेवला.

१२ जुलै, सोमवार

साहेब खरंच चांगला माणूस. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मल्हारी बसला नाही. हात सरळ ठेवून उभाच राहिला.

साहेबांनी हळू आवाजात विचारलं, "बाळ, मायक्रोमीटर तू घेतला होतास का?"

"नाही साहेब, मी घेतला नव्हता."

खणखणीत! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. फोरमन खाली मान घालून हसले. तिथेच संपायला हवं होतं. पण साहेबांना ते कोडं पडलेलं.

"मग जूनमध्ये लिहून दिलंस ते खोटं होतं?"

हा प्रश्न आमच्या तालमीत नव्हता. मल्हारीनं माझ्याकडे बघितलं.

"हो साहेब."

"म्हणजे तू खोटं बोलतोस."

"हो साहेब."

"मग आत्ता बोललास तेही खोटं असेल."

"हो साहेब."

मी त्याला थांबवायला हात वर केला. नुसता थांब म्हणून, तेवढाच. त्यानं माझा हात बघितला आणि भडाभडा बोलत सुटला: मीच घेतला, मीच विकला, एप्रिलमध्ये हत्यार मीच मोडलं, पुण्याची पेटी मीच उघडली, माझं चुकलं, परत नाही होणार. पुण्याच्या पेटीशी त्याचा काय संबंध? साहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं बघणं मला अजिबात आवडलं नाही.

म्हणाले, "याला मशीनवर उभं करायची मला भीती वाटते. उद्या अपघात झाला, कुणाचा हात गेला, तर खरं काय झालं हे मला कधीच कळणार नाही. हा कुणाचाही दोष स्वतःवर घेईल. सॉरी."

फाटकापर्यंत फोरमन आले. मल्हारी पुढे गेल्यावर म्हणाले, "निवृत्तीराव, पंचवीस वर्षांत इतका चांगला हात मी तीनदा पाहिला असेल." एवढंच बोलून ते आत गेले. मला वाटलं होतं धीर देतील.

४ ऑगस्ट, बुधवार

दोन वर्कशॉपमध्ये पाठवलं. दोन्हीकडे विचारलं, आधीची नोकरी का सुटली? दोन्हीकडे यानं सांगितलं, चोरी केली म्हणून. दुसऱ्या ठिकाणच्या मालकानं मला बोलावून सांगितलं, "मुलाला डोक्याच्या डॉक्टरला दाखवा." डोक्याला काय झालंय? गणितात पासष्ट मार्क होते.

रात्रंदिवस एकच किडा पोखरतोय. आज न राहवून विचारलं. शांतपणे, पट्टा खुंटीवर असताना. म्हटलं, "मल्हारी, लहानपणी शनिवारी कबूल करायचास, ते सगळं खरं असायचं ना?"

"हो अण्णा."

बरं वाटलं. दहा-बारा वर्षं फुकट गेली नाहीत. कागद वाचत बसलो, पण मन लागेना. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "की खोटं असायचं?"

"हो अण्णा."

मग काही विचारलं नाही. आता मला कधीच कळणार नाही. साहेबांचंच वाक्य, पण ते माझ्या घरात येऊन बसलंय.

१६ ऑगस्ट, सोमवार

मल्हारी घरात नाही. कपड्यांची पिशवी नाही. यशोदेला माहीत आहे कुठे गेला ते, पण सांगत नाही. मी आवाज चढवला. ती म्हणाली, "मारा. मी बी शनवारी उभी राहते समोर." चोवीस वर्षांच्या संसारात ती मला असं बोलली नव्हती. मी बाहेर जाऊन बसलो.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

काल तिनं आपण होऊन सांगितलं, लासलगावला आहे, कांद्याच्या हमालीला. वर म्हणाली, "जाणार असाल तर मनानं जा. नायतर जाऊ नका."

आज रजा टाकून गेलो. काय म्हणायचं ते ठरवून गेलो होतो. गाडीत चार वेळा मनात घोकलं. "मल्हारी, माझं चुकलं." तीनच शब्द. एकट्यानं म्हणताना सोपे वाटत होते. चौथ्या वेळी समोरचा प्रवासी बघायला लागला, तेव्हा ओठ मिटून घेतले.

बाजारात लाल कांद्याची झुंबड. ट्रॅक्टर, लिलावाचा ओरडा, धूळ. गोटीराम नावाच्या मुकादमाच्या टोळीत तो आहे. गोटीरामला वाटलं, मी कुणी ओळखीचा आहे, बाप असल्याचं मी सांगितलं नाही. खुशीत बोलायला लागला.

"मल्हारी? लय सोयीचा गडी हाय. गोणी फाटली, थप्पी ढासळली, माल भिजला, कुणाचं का चुकंना. विचारायचा अवकाश, हा म्हणतो मीच. भांडणच मिटलं. ज्याचं चुकलं तो सुटला, मला शोधायची कटकट नाय. सगळी टोळी खूश."

"आणि मग?"

"मग काय, त्याची रोजी कापायची. पोरांचा हात बी साफ होतो कधी कधी. पण हूं नाय का चूं नाय. असला माणूस मिळत नाय हो आजकाल."

मी विचारलं, तो लेथचं काम करायचा हे माहीत आहे का? गोटीराम म्हणाला, "कशाचं काम?"

मल्हारी ट्रकमागून आला. डोक्यावर गोणपाट, डाव्या भुवईवर ताजी खोक. मला बघितलं आणि डोक्यावरचं गोणपाट काढून हात सरळ ठेवून उभा राहिला. गोटीराम पानाला चुना लावत गंमत बघत होता. दोन हमालही थांबले.

मी म्हटलं, "मल्हारी, चूक..."

"माझं चुकलं अण्णा," तो म्हणाला. "परत नाही होणार."

"अरे, पण कशाबद्दल म्हणतोस?"

"जे असेल त्याबद्दल."

हमाल हसले. तेव्हा म्हणायला हवं होतं मी. तोंडाशी आलेही होते शब्द. पण इतक्या लोकांसमोर, आणि तो तसा उभा. म्हटलं, "बरं. जेवलास का?"

"हो."

जेवला होता की नाही, देव जाणे. गोटीरामनं हाक मारली तसा तो पळत गेला. मी थोडा वेळ लिलाव बघितला आणि दुपारच्या गाडीनं परत आलो.

यशोदा दारातच उभी होती. म्हणाली, "बोललात का?"

म्हटलं, "त्यानं माफी मागितली. मी केलं माफ."

ती आत गेली. ताट वाढलेलं होतं, मी एकटाच जेवलो.